गिरणीचा बेल्ट पावसाळ्यातच का किंचाळतो? ताण, विळखा आणि खाचेचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात कोथरूडला पिठाची गिरणी आहे. १० एचपीची (७.५ किलोवॅट), मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटार, तिच्यावर ६ इंची (१५० मिमी) पुली, दगडाच्या शाफ्टवर १८ इंची (४५० मिमी) पुली, दोन्हींच्या मध्यांतलं अंतर साधारण ६०० मिमी आणि बी सेक्शनचे (बी मापाचे, पाचरीच्या आकाराचे) तीन व्ही बेल्ट. जून लागला की मोटार सुरू करताना बेल्ट किंचाळतात आणि दुपारी गर्दीच्या वेळी रबर जळल्याचा वास येतो. राळेची पूड टाकली की चार दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. बेल्ट तीन महिन्यांतच गेले. मिस्त्रींनी बेल्ट आणखी ताणले तर मोटारीचं पुढचं बेअरिंग गेलं. आता काय करावं: राळ चालू ठेवावी, चौथा बेल्ट घालावा, की पूर्वीसारखा सपाट पट्टा लावावा?

आधी उत्तर. राळ आजपासून बंद करा. चौथा बेल्ट नको. सपाट पट्ट्याकडे परत जाऊ नका. पुल्यांच्या खाचा साफ करून झीज तपासा, तिन्ही बेल्ट एकाच संचातले नवे घ्या आणि ताण हाताच्या अंदाजानं न देता स्प्रिंगच्या काट्यानं मोजून द्या. कारणं खाली तुमच्याच आकड्यांवर मांडली आहेत. ती समजून घेतली नाहीत तर पुढच्या जूनमध्ये मिस्त्री पुन्हा पाना घेऊन तोच बोल्ट आवळतील आणि पुन्हा बेअरिंग जाईल.

सुरुवात दोरापासून करू. जुन्या वाड्याच्या माडीवरून लोखंडी कपाट खाली सोडायचं असेल तर जाणते लोक दोराला खांबाभोवती दोन वेढे देतात आणि मग एक माणूस निवांत दोर सोडत जातो. त्याच्या हातात ताकद नसते, खांबाभोवतीच्या वेढ्यात असते. दोर खांबावर टेकतो त्या प्रत्येक बोटभर लांबीत थोडं घर्षण होतं आणि ताण थोडा उतरतो. पुढच्या बोटभर लांबीत त्या उरलेल्या ताणाचा तेवढाच हिस्सा उतरतो. चक्रवाढ व्याजासारखा हा गुणाकार आहे. घर्षणांक (दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात त्याचा आकडा) ०.३ धरला तर एका वेढ्यात दोन टोकांच्या ताणांचं प्रमाण ६.६ पट होतं, दोन वेढ्यांत ४३ पट, तीन वेढ्यांत २८६ पट. १०० किलोचं कपाट दोन वेढ्यांवर सव्वादोन-अडीच किलोच्या ओढीनं धरून ठेवता येतं ते यामुळे. गणितज्ञ ऑयलरच्या नावानं ओळखलं जाणारं हे सूत्र म्हणजे २.७१८ या संख्येचा घात, आणि घातात दोनच गोष्टी: घर्षणांक आणि विळख्याचा कोन. खांब जाड आहे की बारीक, दोर रुंद आहे की अरुंद, याला त्यात जागा नाही.

तुमचा बेल्ट म्हणजे हाच दोर, फक्त पूर्ण वेढा नाही. १५० आणि ४५० च्या पुल्या ६०० मिमी अंतरावर असल्या की लहान पुलीवरचा विळखा १५१ अंशांचा येतो आणि मोठीवरचा २०९ अंशांचा. म्हणून घसरण नेहमी मोटारीच्या पुलीवर होते. तपासणी तिथूनच सुरू करायची.

सपाट पट्टा असता आणि घर्षणांक ०.३ असता, तर १५१ अंशांत ताणांचं प्रमाण जेमतेम २.२ झालं असतं. व्ही बेल्ट इथेच वेगळा ठरतो. तो खाचेच्या तळावर बसत नाही. पाचरीसारखा दोन भिंतींत रुततो. बी सेक्शनच्या १९० मिमीपर्यंतच्या पुलीला खाचेचा कोन ३४ अंश असतो. प्रत्येक भिंत १७ अंशांनी कललेली असल्यामुळे बेल्ट आत जेवढा ओढला जातो, त्याच्या ३.४ पट जोरानं तो भिंतींवर दाबला जातो. रबर तेच असलं तरी कामाला येणारा घर्षणांक ०.३ चा जवळपास १.०३ होतो, आणि त्याच १५१ अंशांत प्रमाण २.२ वरून १५ वर जातं. कॅटलॉग बनवणारे एवढ्यावर विसंबत नाहीत, ते साधारण ५ च धरून चालतात. १५ आणि ५ मधला फरक ही सुरक्षिततेची उशी आहे, आणि पावसाळ्यात तीच वापरली जाते.

इथे एक बारकावा सांगायला हवा, कारण लेथवाल्याकडून पुली वळवून घेताना चूक बहुतेक वेळा इथेच होते. बेल्टचा स्वतःचा कोन ४० अंश असतो, मग खाच ३४ ची का? लहान पुलीवर वाकताना बेल्टची आतली बाजू दबून फुगते, बाहेरची ताणून अरुंद होते आणि त्याचा कोन कमी होतो. पुली जितकी लहान, तितकी खाच अरुंद हवी. तुमच्या ४५० च्या पुलीला ३८ अंश बरोबर आहेत, १५० च्या पुलीला ३४. दोन्ही पुल्या एकाच हत्यारानं ३८ वर वळवल्या तर लहान पुलीत बेल्टची पूर्ण बाजू भिंतीला टेकत नाही, फक्त एक कड टेकते, आणि तीच कड आधी झिजते.

आता मुख्य मुद्दा, आणि तो अनेक वर्षं बेल्ट बदलणाऱ्या माणसांनाही कुणी नीट सांगितलेला नसतो.

मोटार चालू झाली की एका बाजूचा ताण वाढतो आणि दुसऱ्या बाजूचा कमी होतो. बेल्ट जी ताकद पोहोचवतो ती या दोन्हींच्या फरकातून. पण दोन्हींची बेरीज जवळपास तेवढीच राहते, आणि ती बेरीज तुम्ही बेल्ट ताणताना ठरवून टाकलेली असते. म्हणजे फरक किती वाढू शकतो याला दोन कुंपणं आहेत: बेरीज, जी तुमच्या पान्याच्या हातात आहे, आणि प्रमाण, जे खाचेच्या आणि रबराच्या हातात आहे. प्रमाण १५ असेल तर बेरजेच्या ८७ टक्के फरक मिळू शकतो. प्रमाण घसरलं की हा हिस्सा घसरतो.

तुमचे आकडे घालू. १५० मिमीची पुली १४४० फेऱ्यांनी फिरते तेव्हा बेल्ट सेकंदाला ११.३ मीटर धावतो. ७.५ किलोवॅट पोहोचवायला ६६३ न्यूटन, म्हणजे ६८ किलो वजनाइतका फरक लागतो. सुरू होताना मात्र जड दगडाला गती द्यायची असते आणि या प्रकारच्या मोटारी थेट सुरू केल्या तर पूर्ण भाराच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त मुरड (फिरवण्याचा जोर, टॉर्क) देतात. दुप्पट धरू: १३५ किलो.

बेल्ट व्यवस्थित ताणलेला आहे, प्रत्येक पदराला (दोन पुल्यांमधल्या बेल्टच्या मोकळ्या भागाला) ३३ किलो. तीन बेल्टांचे सहा पदर, बेरीज १९६ किलो. खाच कोरडी आणि स्वच्छ असेल तर १७१ किलोपर्यंत फरक पेलतो. १३५ सहज निभतात. आवाज नाही.

आता पावसाळा आला. हवेत दमटपणा, खाचेत उडालेलं पीठ. पीठ आणि ओल यांची खळ होते, पुलीच्या उष्णतेनं ती वाळते, बेल्टच्या बाजूंवर आणि खाचेच्या भिंतींवर काचेसारखा गुळगुळीत थर चढतो. समजा त्यामुळे घर्षणांक निम्म्यावर, ०.१५ वर आला. घर्षणांक घातात असल्यामुळे प्रमाण निम्मं होत नाही, ते १५ वरून थेट ३.९ वर कोसळतं. त्याच ताणावर सुरुवातीला ११५ किलोच पेलतात. लागतात १३५. बेल्ट घसरतो, किंचाळतो. दगडानं गती घेतली की फक्त ६८ लागतात, ते (पळत्या बेल्टच्या बाहेर फेकणाऱ्या जोराची थोडी वजावट करून) १०६ पर्यंत मिळतात, म्हणून आवाज थांबतो. तुम्ही लिहिलेलं पहिलं लक्षण हेच आहे.

दुसरं लक्षण, दुपारचा वास, यात बेल्ट सैल झाल्याची भर आहे. ताण निम्म्यावर आला असेल तर बेरीज ९८. त्यातून पळत्या बेल्टचं केंद्रापसारी बळ प्रत्येक पदरामागे अडीच किलोच्या आसपास खाऊन टाकतं (बी बेल्टचं वजन मीटरला साधारण २०० ग्रॅम धरून), म्हणजे कामाचे उरले ८२. मळकट खाचेत त्यातले ४८ च वापरता येतात. लागतात ६८. आता बेल्ट चालू कामातही घसरतोय, फक्त हळूहळू, म्हणून किंचाळत नाही. आवाज नसलेली ही घसरण जास्त घातक आहे, कारण ती दिवसभर चालते.

तुमच्याकडे स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटार आधी कमी जोरानं, मग पूर्ण जोरानं चालवणारा) असेल तर किंचाळी बटण दाबल्याबरोबर येते की स्टार सुटून डेल्टा लागतो त्या क्षणी, हे लक्ष देऊन ऐका. स्टारमध्ये मोटार एक तृतीयांश मुरड देते, त्यात बेल्ट सहसा घसरत नाही. डेल्टा लागताना दगड अजून गतीत आलेला नसेल तर झटका बसतो. टायमर काही सेकंद वाढवल्यानं तो झटका बराच कमी होतो. स्टारमध्येच बेल्ट ओरडत असेल तर मात्र त्याची पकड अगदीच गेलेली आहे असं समजा, किंवा दगड अडकलाय का ते पाहा.

किंचाळी म्हणजे नेमकं काय, तेही सांगतो. स्थिर पकड घसरत्या पकडीपेक्षा जास्त असते. बेल्ट चिकटतो, ताणला जातो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा होतं. फळ्यावर खडू ओरडतो तोच प्रकार. एकदा सुटला की पकड आणखी कमी, त्यामुळे उष्णता, उष्णतेनं रबराचा पृष्ठभाग भाजून गुळगुळीत, म्हणून पकड आणखी कमी. यातून बेल्ट आपणहून कधी सावरत नाही.

चौथ्या बेल्टबद्दल. घर्षण टेकणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, दाबावर असतं. फ्रान्समध्ये आमोंतोंनं १६९९ मध्येच हे मांडलं. (रबर हा नियम तंतोतंत पाळत नाही, दाब फार वाढला की त्याचा घर्षणांक थोडा उतरतो, पण इथल्या हिशेबाला त्यानं बाधा येत नाही.) एकूण ताण तेवढाच ठेवून तीनाचे चार बेल्ट केले तर पकड तसूभरही वाढत नाही, फक्त प्रत्येक बेल्टच्या वाट्याला कमी ओढ येते. आणि चौथ्यालाही तेवढाच ताण दिला तर बेअरिंगवरचा भार एक तृतीयांशानं वाढला. बेल्टांची संख्या बेल्टमधल्या दोऱ्यांच्या ताकदीसाठी आणि टिकण्यासाठी असते. १५० च्या पुलीवर १४४० फेऱ्यांना बी बेल्ट साधारण ३ किलोवॅट वाहतो, तेव्हा तीन बेल्ट तुम्हाला पुरतात. फार ऐसपैस नाही, पण पुरतात.

राळेनं पकड वाढते, हे खरं आहे. म्हणूनच ती सोडवत नाही. पण राळ उष्णतेनं मऊ होते, तिच्यावर पीठ बसतं, पीठ-राळेचा कडक थर तयार होतो आणि आधीपेक्षा गुळगुळीत होतो. शिवाय बाजारात मिळणारी बेल्ट ड्रेसिंगं अनेकदा रबराला फुगवतात आणि वरच्या कापडी आवरणाची शिवण सोडवतात. चामड्याच्या सपाट पट्ट्यांच्या काळातली ही सवय आहे. त्या चामड्याला तेल-मेणाची गरज होती. रबराच्या व्ही बेल्टच्या बाजूला कोरडेपणाखेरीज काही लागत नाही. आणि तुमच्या दुकानात त्या थराचे कण शेवटी पिठाजवळच उडतात, हेही विसरू नका.

मिस्त्रीकडे जाण्याआधी एक मोजणी

बेल्ट खरंच घसरतोय की दगडच जड झालाय, हे आधी ठरवा. पावसाळ्यात गहू ओलसर असतो, दळायला चिवट जातो, आणि दगडाला टाकी लावायची राहिली असेल तर भार आणखी वाढतो. क्लॅम्प मीटरनं मोटारीचा करंट पाहा. १० एचपीला ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराला साधारण १४ ते १५ अँपिअर लागतात. नक्की आकडा मोटारीच्या पट्टीवर असतो. करंट त्याहून वर असेल तर दोष दगडाचा किंवा धान्याचा आहे, बेल्टला शिक्षा देऊ नका. करंट नेहमीइतका किंवा कमी आणि तरीही दळण मंद पडलं असेल, तर बेल्ट घसरतोय.

मग टॅकोमीटरनं दोन्ही शाफ्टच्या फेऱ्या मोजा. हातात धरायचं साधं टॅकोमीटर पुरतं, चमकपट्टी मोटार बंद असताना चिकटवायची. मोटार १४४० असेल तर दगडाचा शाफ्ट ४८० हवा. प्रत्यक्षात ४७० ते ४७७ दिसेल, आणि ते बरोबर आहे. ताणाच्या बाजूनं बेल्ट किंचित लांबलेला असतो, सैल बाजूला आखडतो, आणि पुलीवरून जाताना हा फरक सरकत सरकत भरून निघतो. अर्धा ते दोन टक्क्यांचं हे सरकणं कोणत्याही बेल्टमध्ये असतंच, ताण वाढवून ते जात नाही. ४५६ दिसले तर मात्र ५ टक्के घसरण आहे. पुलीचा व्यास मोजताना बाहेरच्या काठाचा धरू नका. बी सेक्शनला बाहेरचा व्यास हिशेबाच्या व्यासापेक्षा (बेल्टचे दोरे ज्यावर धावतात त्या) ७-८ मिमी जास्त असतो, आणि एवढ्या फरकानं उगाच घसरण दिसते.

५ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. ७.५ किलोवॅटचे ५ टक्के म्हणजे ३७५ वॅट, निम्म्या इस्त्रीइतकी उष्णता, तीन बेल्टांच्या चिंचोळ्या बाजूंत दिवसभर. बेल्टच्या आतलं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, हा या धंद्यातला ठोकताळा. तुमचे बेल्ट तीन महिन्यांत का गेले, त्याचं उत्तर इथे आहे. मशीन बंद करून मेन स्विच काढल्यावर लगेच लहान पुलीला हात लावून पाहा. दोन-तीन सेकंदही हात ठेववत नसेल तर पुली ६० अंशांच्या आसपास किंवा वर गेली आहे.

काम कसं करायचं

मेन स्विच बंद, फ्यूज काढून खिशात. जाळी काढा. मोटारीचे बोल्ट सैल करून मोटार पुढे घ्या आणि बेल्ट हातानं उतरवा. स्क्रू ड्रायव्हर किंवा पहार घालून बेल्ट काठावरून उचकटू नका. आतले दोरे तुटतात, वरून काही दिसत नाही आणि आठवड्याभरात तो बेल्ट उलटा पडतो किंवा लांबतो.

खाचा आधी कोरड्या तारेच्या ब्रशनं, मग साबणाच्या ओलसर फडक्यानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पेट्रोल, थिनर वापरू नका. बंद खोलीत उडणारं पीठ स्वतःच पेटणारं असतं, त्यात वाफ मिसळायला नको. याच कारणासाठी बेल्ट घेताना अँटिस्टॅटिक छापलेले घ्या आणि मोटारीबरोबर गिरणीच्या सांगाड्यालाही अर्थिंग आहे का ते तपासून घ्या.

आता खाचेत टॉर्च मारा. तळ काळपट, मळका आणि भिंती एकसारख्या असतील तर उत्तम. तळच चकचकीत असेल तर बेल्ट तळाला टेकत होता. तळाला टेकलेला व्ही बेल्ट म्हणजे नुसता सपाट पट्टा: १५ चं प्रमाण पुन्हा २.२. अशा पुलीवर कितीही ताण द्या, फारसा फरक पडणार नाही. पत्र्याची सरळ पट्टी किंवा गेज भिंतीला लावून धरा; मधे ०.८ मिमीपेक्षा जास्त पोकळी दिसली तर पुली बदला. तीनपैकी एकच खाच झिजलेली असली तरी बदला, कारण त्या खाचेतला बेल्ट खोल बसतो, कमी व्यासावर धावतो आणि बाकीच्या दोघांशी दिवसभर झगडतो. नवा बेल्ट खाचेत ठेवल्यावर त्याचा माथा काठाच्या बरोबरीनं किंवा किंचित वर दिसायला हवा.

बेल्टचं माप: तुमच्या पुल्यांना आणि अंतराला बी ८४ येतो. तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच संचाचे. दोन जुने आणि एक नवा असं कधीच नको. नवा बेल्ट आखूड, तोच सगळा भार उचलतो आणि आधी मरतो, मग माणसं नव्या बेल्टला नावं ठेवतात. कापडी आवरणाचे साधे घ्यायचे की दात्यांचे उघड्या कडांचे? दात्यांचे बेल्ट लहान पुलीवर सहज वाकतात, त्यांची पकडही जास्त असते. पण गिरणीत दगड कधी तरी अडतो, धान्यात खडा किंवा खिळा येतो. त्या क्षणी कापडी आवरणाचा बेल्ट घसरून शाफ्ट आणि मोटार वाचवतो. माझं मत गिरणीसाठी कापडी आवरणाच्याच बाजूनं.

पुल्या एका रेषेत आहेत का, हे सुतळीनं पाहता येतं. मोठ्या पुलीच्या बाजूला सुतळी ताणून धरा आणि लहान पुलीच्या बाजूपर्यंत आणा. चारही ठिकाणी ती टेकायला हवी. दोन्ही पुल्यांच्या कडांची जाडी वेगळी असेल तर तेवढा फरक मोजून वजा करा. अर्ध्या अंशापर्यंतची चूक व्ही बेल्ट सोसतो, म्हणजे तुमच्या अंतरावर ५ मिमी. त्याहून जास्त असेल तर बेल्टची एकच बाजू झिजते आणि खाचेची एकच भिंत चमकते. बोल्ट आवळताना मोटार तिरकी होते, म्हणून हे ताण दिल्यावर पुन्हा पाहायचं.

ताण आता मोजून द्या. तुमच्या पुल्यांमधला बेल्टचा मोकळा पदर ५८० मिमी आहे. पदराच्या १०० मिमीमागे १.६ मिमी दबायला हवा, म्हणजे मधोमध ९ मिमी. सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा मध्यावर अडकवा, बेल्टला काटकोनात ओढा, आणि शेजारच्या दोन बेल्टांवर सरळ पट्टी ठेवून ९ मिमी उतरल्यावर काटा काय दाखवतो ते वाचा. १२५ ते २०० मिमीच्या लहान पुलीवर बी बेल्टला २ ते ३ किलो यायला हवेत. नव्या बेल्टला ३, नंतर कधीही २ च्या खाली नाही. बेल्टमधला ताण या वाचनाच्या साधारण १६ पट असतो. २ किलोला ३२ किलो, वरच्या हिशेबात धरलेला जवळपास तोच. प्रत्येक बेल्ट वेगळा मोजा. ताण देण्याआधी पुली हातानं चार-पाच फेरे फिरवून बेल्ट खाचेत बसू द्या.

पहिला अर्धा तास चालवून बंद करा आणि पुन्हा मोजा. नवा बेल्ट या वेळात खाचेत रुततो आणि ताण बराच उतरतो. मग दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं. हे तीन फेरे वगळले जातात आणि सगळा दोष बेल्टच्या दर्जावर जातो. नंतर महिन्यातून एकदा पुरे, पावसाळ्यात मात्र पंधरा दिवसांनी खाचा पुसणं आणि काटा लावणं दोन्ही करा.

बेअरिंग का गेलं, तेही याच मोजणीत दडलंय. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की आयुष्य आठवा हिस्सा राहतं. खाच मळकट असताना मिस्त्रींनी आवाज थांबेपर्यंत बोल्ट आवळला, म्हणजे गेलेली पकड बेरीज वाढवून भरून काढली आणि त्याची किंमत बेअरिंगनं दिली. पुली शाफ्टच्या टोकाला लटकलेली असेल तर ती मोटारीच्या अंगाजवळ सरकवा, भार जितका लांब तितका शाफ्ट आणि पुढच्या बेअरिंगवर जास्त जोर. नवं बेअरिंग बसवताना ग्रीस ठासून भरू नका, मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पुरे. जास्त भरलं तर गोळ्या ग्रीस घुसळत बसतात आणि बेअरिंग विनाकारण तापतं.

सपाट पट्ट्याचा हिशेबही करून ठेवतो, म्हणजे शंका राहायला नको. सुरुवातीचे १३५ किलो साध्या सपाट पट्ट्यानं पेलायचे तर १५१ अंशांच्या विळख्यात बेरीज ३६० किलोच्या आसपास लागेल. स्वच्छ खाचेतल्या व्ही बेल्टला १५५ पुरतात. बेअरिंगवर दुप्पट-सव्वादोन पट भार. जुन्या गिरण्यांत सपाट पट्टा चालायचा कारण पुल्यांमधलं अंतर भरपूर असे, पट्टा लांब आणि जड असे, आणि सैल बाजू वर ठेवल्यानं ती झोळ घेऊन विळखा वाढवत असे. दोन फुटांच्या अंतरात यातलं काहीच मिळत नाही.

एवढं सगळं करूनही सुरुवातीला ओढ कमी पडत असेल, तर पुल्या मोठ्या करा. ६ आणि १८ ऐवजी ७ आणि २१ इंची. गुणोत्तर तेच, दगडाची गती तीच, पण बेल्टचा वेग वाढल्यामुळे तीच ताकद १४ टक्के कमी ओढीत जाते आणि बेल्ट कमी वाकतो. विळखा १४६ अंशांवर येतो, तेवढं नुकसान सोसण्यासारखं आहे. बेल्ट अर्थात लांब लागेल, आणि नवी मोठी पुली जाळीत बसते का ते आधी मोजून घ्या. बेल्टचा वेग १३ मीटरच्या आसपास जाईल. बिडाच्या पुलीची मर्यादा ३३ मीटर आहे, त्यामुळे काळजी नाही.

जास्तीचा संच आणून ठेवणार असाल तर तो खिळ्याला टांगू नका, एका जागी वाकून तिथेच आतले दोरे दुखावतात. सैल वेटोळं करून, उन्हापासून आणि मोटारीच्या उष्णतेपासून दूर, कोरड्या कपाटात आडवा ठेवा, आणि बेल्ट बसवल्याची तारीख व काट्याचं वाचन जाळीच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला जाळी उघडणाऱ्याला आधीचा आकडा समोर दिसेल.